पाचवी ओळ

पाच ओळींची ही रीत वाशीमला ज्याने आणली तो कापूस घ्यायला आला होता. जपानी होता. त्या काळी वऱ्हाडचा कापूस जपानला जायचा आणि हंगामात तिकडच्या कंपनीची माणसं जिनिंगच्या, म्हणजे आमच्याकडे जिन म्हणतात त्या कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात मुक्कामाला यायची. बाकीचे एखादा हंगाम काढून निघून जायचे. हा मात्र दर वर्षी दिवाळीनंतर यायचा आणि होळीपर्यंत राहायचा. ठेंगणा, चष्मेवाला, पायात कापडी जोडे. लोक त्याला जपानी साहेब म्हणायचे. त्याचं नाव मला ठाऊक होतं, पण या लिखाणात मी कोणाचंच नाव घेणार नाही. का ते पुढे कळेल.

आमचे हे त्याच्याकडे नमुने नेण्याच्या कामावर होते. कापसाच्या गाड्या आवारात लागल्या की प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढायचा, कागदात बांधायचा आणि साहेबापुढे ठेवायचा. साहेब चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा आणि धागा काळ्या कापडावर ठेवून त्याची लांबी पाहायचा. हंगाम संपला की ह्यांचं ते काम संपायचं आणि ते परत मळ्यात यायचे. मळा गावाला लागूनच. विहीर, मोट, बैलजोडी. वांगी, मेथी, मिरची, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांसाठी सांगते.

साहेबाला भाजी आमच्याच मळ्यातून जायची. त्याला मुळा फार आवडायचा. किसून, नुसता, मीठसुद्धा न लावता खायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "मुळा खायले हा बापा समुद्र पार करून आला का? याच्या घरी माय नाही का रांधाले?"

एका दुपारी गाड्या नव्हत्या. साहेब गोदामात वर वाशाकडे बघत उभा, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. ह्यांनी विचारलं, "क्या गिनते साहब?" साहेब हसला. मग त्याने सांगितलं की त्याच्या मुलखात पाच ओळींची कविता करतात. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, मग सात, मग पाच, मग सात आणि सात. राजाही करतो, हमालही करतो. जे दिसलं ते सांगायचं. मनात काय आहे त्याचं नाव घ्यायचं नाही. साहेबाची हिंदी लंगडी, ह्यांची हिंदी लंगडी, पण तेवढं दोघांना समजलं. त्या दिवशी साहेबाने जी केली होती ती ह्यांनी संध्याकाळपर्यंत मराठीत बसवली. ती अशी:

चिमणी नेते
कापसाचा पुंजका
उंच वाशाला
तेवढाच कापूस
कुणी नाही तोलला

मी चार इयत्ता शिकले. माहेर केनवडचं. तिथल्या मुलांच्या शाळेत कोपऱ्यात बसून शिकले, आणि चौथी झाली तशी लग्न झालं. अक्षरं मोजायला चौथी पुरते. जोडाक्षर असलं तरी एकच धरायचं, काना-मात्रेकडे बघायचं नाही. एवढंच.

आमच्या घरी दिवसा नवराबायकोने बोलायची पद्धत नव्हती. सासूसमोर तर नाहीच. ह्यांचा आवाज मी ऐकायची तो बैलांशी बोलताना. माझ्यापेक्षा ते बैलांशी जास्त बोलायचे. मोटेवर लोक गाणी म्हणतात, तशी ह्यांनी एक दिवस मोट हाकताना गाण्याऐवजी तीन ओळी म्हटल्या. मी तिकडे वांग्याच्या वाफ्यात.

भिंतीवरती
ओल्या गोवऱ्यांवर
हात कुणाचा

तीनच म्हणून थांबले. साहेबाने त्यांना सांगितलं होतं की वरच्या तीन ओळी एकाने म्हणाव्यात आणि खालच्या दोन दुसऱ्याने जोडाव्यात, असंही तिकडे करतात. हे मला आधी माहीत नव्हतं. पण ते थांबलेत आणि ते थांबणं माझ्यासाठी आहे, हे मला कळलं. गोवऱ्या मीच थापलेल्या होत्या. मी खाली मान घालून, वांग्यांना सांगितल्यासारखं म्हटलं:

भाकरीलाच पुसा
तिच्यावरही तोच

सासूबाई बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, "हे काय गानं व्हय? ना चाल ना ताल. मंतर म्हनून राह्यले का दोघं?"

"मंतरच व्हय माय," हे म्हणाले. "वांग्यावरची कीड जाते यानं."

सासूबाईंनी ते खरं मानलं. पुढे शेजारीण कीड लागली म्हणून रडत आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "माह्या पोरापाशी मंतर हाय, पन त्याले दोघं लागते."

कवितेत मात्र आम्ही शाळेतली भाषा वापरायचो. एरवी मले-तुले. का ते सांगता येत नाही. गोष्ट मोठी वाटावी म्हणून असेल.

मी आपली आपण केलेली पहिली पाच ओळींची वाईट होती. सासरी मला फार वाईट वाटतं, आईची आठवण येते, असं काहीतरी. अक्षरं बरोबर बसली होती. मी ती चुलीपाशी हळूच म्हटली तर हे हसले.

"वाईट वाटते हे मले काहून सांगून राह्यली? काय पाह्यलं ते सांग."

"काय पाहू? वांगी पाह्यली."

"मंग वांगी सांग."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना बोटात काटा मोडला. संध्याकाळी मोट चालू असताना मी वाफ्यातून म्हटलं, जरा मोठ्यानेच:

वांगी तोडता
बोटात काटा गेला
आई म्हणाले
आई नव्हती मग
वांगीच मोजली मी

बैल धावेच्या, म्हणजे मोटेच्या उताराच्या, खालच्या टोकाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मोट वर आलेली, पाणी सांडून गेलेलं, तरी बैल तिथेच.

"बैल काहून उभे केले रे?" सासूबाई ओरडल्या.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ह्यांनी गाडी जुंपली, भाजी उतरवली आणि मला घेऊन सरळ केनवडला आईकडे गेले. मी मागितलं नव्हतं. सासूबाईंना विचारलंही नव्हतं. परत आल्यावर त्या बोलल्या ते बोलल्या. ह्यांनी ते ऐकून घेतलं.

असे काही हंगाम गेले. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल लिहायचं नाही.

एका संक्रांतीला गल्लीतल्या बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि मग उखाणे सुरू झाले. बायकोने नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, उखाण्यात तेवढं घ्यायचं, आणि तेही कोणी 'घे' म्हटल्याशिवाय नाही. माझी पाळी आली.

"घे व, नाव घे. शिकेल बाई हाय, चांगलं घेशील."

माझ्या डोक्यात पाच ओळी तयार होत्या. मी म्हटल्या:

संध्याकाळची
वहाण उंबऱ्याशी
रुई लागली
ती पाहिली नि मग
चुलीत जाळ केला

सगळ्या पुढच्या ओळीची वाट बघत बसल्या. मग एकीने विचारलं, "झालं?"

"झालं."

"अवं, हिनं वाहानीचं नाव घेतलं! नवऱ्याचं कुठी हाय?"

"चुलीत घातलं असन!"

बायका हसून हसून लोळल्या. एकीच्या हातचे तीळ सांडले. सासूबाई हसल्या नाहीत. बायका गेल्यावर म्हणाल्या, "बिननावाचा उखाना घेतला व तू? अशानं मानसाचं आयुष्य कमी होते. तुले एवढं समजत नाही? साऱ्या जनी आपापल्या मानसाचं नाव घेऊन गेल्या, अन् माह्या पोराचं तेवढं राह्यलं."

हे सकाळी विहिरीवर मला म्हणाले, "आयकलं का, वाहानीवर कविता केली म्हने."

"तुमीच म्हनता, जे मनात हाय त्याचं नाव घ्याचं नाही."

"ते दुखाचं. माह्या नावाचं कोन म्हनलं?"

"तुमी मनातच हाय ना? मंग नाव कसं घेऊ?"

ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून हसत राहिले. मग हसणं थांबलं आणि म्हणाले, "एक खेप घेजो. पाच ओळीत घे. मले तुह्या तोंडून आयकाचं हाय."

"घेईन."

"कवा?"

"चांगली जमली म्हंजे."

त्यानंतर ते अधूनमधून विचारायचे. जमली का? मी म्हणायची, नाही जमली. खरं म्हणजे मी करूनच बघितली नव्हती. त्यांनी विचारावं आणि मी नाही म्हणावं हे मला आवडायचं. नाव घ्यायला सगळा जन्म पडलाय असं वाटायचं. नियमही होताच हाताशी, आणि तो त्यांनीच शिकवलेला.

साहेबाचा शेवटचा हंगाम लढाईच्या आधीचा. कंपनी काम आटोपती घेत होती. जाण्यापूर्वी तो मळ्यात आला. स्वतः वाफ्यात उतरून मुळा उपटला, पाटात धुतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग सासूबाईंपुढे कमरेत वाकला. सासूबाई घाबरल्या. "अरे बापा, हा माह्या पाया पडून राह्यला का?" असं म्हणत त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकुरवाळा होशील म्हणाल्या. ह्यांनी त्याचा अर्थ हिंदीत सांगितला. साहेबाने आणखी खाली वाकून घेतलं. पुढे त्याच्या देशात काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं. तो त्यात होता की नव्हता, कोण सांगणार?

जपानशी लढाई लागली तेव्हा एक पोलीस चौकशीला आला. त्याने ह्यांना विचारलं, "त्यानं तुले काय शिकवलं?"

"कविता."

"कशाच्या?"

"मुळ्याच्या. चिमणीच्या."

"मले बनवून राह्यला का?"

ह्यांनी त्याला चिमणीची म्हणून दाखवली. पोलिसाने ती ऐकली, चहा प्याला, दोन वांगी रुमालात बांधली आणि गेला. पण तेव्हापासून जिनातल्या लोकांनी ह्यांना सांगितलं की हे बोटं मोजणं चारचौघांत करू नको, कोणी भलतंच समजेल. ह्यांचं तोंडाने म्हणणं बंद झालं. अंगठा तेवढा पेरांवरून फिरायचा, धोतराच्या सोग्यात.

साहेब गेल्यावर नमुन्याचं काम गेलं. ह्यांना जिनात आत घेतलं, यंत्रात कापूस सोडायच्या कामावर. तिथे हवेत रुई एवढी की समोरचा माणूस पांढरा दिसायचा. नाकाला फडकं बांधायचे, पण दिवसभर कोण बांधून ठेवतं? आधी खोकला आला. मग पायऱ्या चढताना दम लागायला लागला, मग सपाट रस्त्याला. लोक म्हणाले छातीत रुई भरली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला की छाती गेली, आता जिनात पाठवू नका. औषधाची बाटली दिली. तिने काही झालं नाही.

जांभळीखाली, विहिरीजवळ, मी त्यांची खाट टाकली. घरात त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. मोट मी हाकायला लागले. बाईने मोट हाकू नये म्हणून सांगायला दोन-चार जण बांधावर येऊन गेले. मी म्हटलं, मग तुम्ही हाका. ते गेले.

आता मी मोटेवर आणि ते खाली, अशी उलटी पाळी झाली. तिथून ते तीन ओळी म्हणायचे आणि मी धावेवरून दोन जोडायची. सासूबाई आता काही बोलत नसत. ह्यांच्या दुखण्याचं खरं मला डॉक्टरने सांगितलं नाही, ओळींनी सांगितलं. आधी तिन्ही ओळी ते एका दमात म्हणायचे. मग प्रत्येक ओळीला एक दम लागायला लागला. मग साताची ओळ मधेच तुटायला लागली. पाचाच्या ओळीला एक दम, साताच्या ओळीला दोन. सासूबाई म्हणायच्या, आज चेहरा बरा दिसते. मी ओळ ऐकलेली असायची.

तेव्हा त्यांनी पुन्हा नावाचं काढलं.

"आता तरी घे व."

"बरे व्हा, मंग घेतो." आमच्याकडे बायकाही 'घेतो'च म्हणतात.

"अन् नाही झालो तं?"

"नाव आयकाचं असन तं व्हाच लागन."

हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. त्यांना माझ्याकडून एक गोष्ट हवी होती, आणि ती मिळेपर्यंत हा माणूस जायचा नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. नाव राहिलं आहे तोवर तेही राहतील. चार इयत्ता शिकलेल्या बाईने असं धरून बसू नये. पण मी बसले. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं. औषधाची बाटली होती, आणि हे होतं.

बाजाराचा दिवस होता. सकाळी भाजी तोडून झाली, वाफे भिजवत आणले आणि मी मोट थांबवून बैल सोडले. मागून आवाज आला. आवाज म्हणजे वाराच, अक्षरं त्यात कशीबशी अडकलेली. मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी एकेक करून म्हटलं, आणि मधे किती थांबले ते सांगत नाही.

मोट थांबली
पाटात तरी पाणी
वाहतं आहे

मी वळून पाहिलं. खरंच होतं. मोट थांबली तरी पाटात आधीचं पाणी असतं, ते पुढे जात राहतं. सांभाराचा शेवटचा वाफा अजून कोरडा होता आणि पाणी तिकडे निघालं होतं, हळूहळू, मातीत जिरत जिरत.

"खालच्या दोन तुह्या," ते म्हणाले. "नाव घालून."

मला उभ्या उभ्या सुचलं नाही. त्यांच्या ह्या तीन ओळींना काहीतरी लावून मोकळं होता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाजार करून येतो. आल्यावर."

त्यांनी मान डोलावली.

बाजार टाळता येत नव्हता. मेथी दुपारनंतर गायसुद्धा खात नाही. टोपली डोक्यावर घेऊन निघाले, आणि जाताना रस्ताभर काही आलं नाही. बाजारात बसले, लोक आले, गेले. एका बाईने मेथी मागितली तर तिला सांभार दिला. ती म्हणाली, "काय व माळीनबाई, ध्यान कुठी हाय?" येताना, रिकामी टोपली काखेला मारून ओढा ओलांडला, आणि दोन्ही ओळी एकदम आल्या. चौथी आली आणि तिच्यामागून पाचवी. पाचवीत त्यांचं नाव होतं. नेमकं सात अक्षरांत बसलं, ओढाताण न करता, जसं काही त्या जागेसाठीच ठेवलेलं. मी ती रस्त्याने मनात म्हणत आले. मोठ्याने म्हटली नाही. पहिल्यांदा ती त्यांनी ऐकायची होती.

मळ्यात माणसं जमलेली होती. लांबून दिसलं तेव्हाच समजलं. शेजारी, भाऊबंद, त्यांचे चुलते. खाट घरात आणली होती. छाती घरघरत होती, डोळे उघडे होते. सासूबाई उशाशी बसलेल्या. एवढ्या माणसांत सुनेने पुढे कसं जायचं? मी पदर ओढून भिंतीला उभी राहिले. दोन ओळी तोंडात तयार. लोक म्हणतील, 'तिथेच म्हणून टाकायच्या होत्या.' ज्यांनी तसलं घर पाहिलं नाही त्यांनी असं म्हणू नये. चुलतसासऱ्यांपुढे नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तेही कोणी 'घे' म्हटल्याशिवाय! मरणाऱ्या माणसापाशी उखाणा घे म्हणून कोण सांगणार होतं?

त्यांचा उजवा हात गोधडीवर होता. अंगठा पेरांवरून चालला होता. पाच. मग सात. मग पाच. मग थांबायचा. पुन्हा करंगळीपासून सुरू. पाच, सात, पाच, आणि थांबणं.

सासूबाईंचं तिकडे लक्ष गेलं. थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय मोजून राह्यला व हा?"

"ओळी."

"तुह्या राह्यल्या का?"

"हो."

सासूबाई उठल्या. "बाहीर व्हा सारे. पोराले वारा लागू द्या."

चुलते म्हणाले, "अवं वहिनी, अशा वक्ताले..."

"बाहीर व्हा म्हनलं ना!"

माणसं अंगणात गेली. सासूबाई गेल्या नाहीत. पायाशी जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि मला म्हणाल्या, "घे."

मी उशाशी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं. मी चौथी ओळ म्हटली.

शेवटच्या वाफ्याला

अंगठा माझ्याबरोबर चालला. सातही पेरं बरोबर चालला. मग परत करंगळीच्या पहिल्या पेरावर येऊन थांबला, पुढच्या ओळीसाठी. मी श्वास घेतला. श्वास मलाही लागतो. तो घेऊन मी तोंड उघडलं तेव्हा अंगठा तिथेच होता, पण छातीची घरघर थांबली होती.

पुढे सगळ्यांच्या घरी होतं ते झालं. कुंकू, बांगड्या. ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी मोट जुंपली, कारण वांगी सुकायला लागली होती.

विधवेला कोणी नाव घे म्हणत नाही. जिथे नाव घ्यायची मुभा होती ती एकच जागा, तीही बंद झाली. आणि घरात दुसरंही कोणी त्यांचं नाव घेईना. भाऊबंद बोलायचे तर 'गेला तो' म्हणायचे. सातबाऱ्यावरून त्यांचं नाव कमी झालं, जिनातले लोक विसरले. त्यांचंच नाव जिथे मी घेतलं नाही तिथे दुसऱ्या कोणाचं कशाला घेऊ? म्हणून या लिखाणात कोणाचं नाव नाही.

मी आणि सासूबाई दोघीच राहिलो. भांडत नव्हतो. भांडायला मधे कोणीतरी लागतं. त्यांना दिसेनासं झालं तेव्हा मी त्यांना हाताला धरून वाफ्यात नेऊन बसवायची, आणि त्या बोटांनी चाचपून मेथीच्या जुड्या बांधायच्या.

एका संक्रांतीची गोष्ट. शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. आम्ही दोघी आत बसून तुरीची डाळ निवडत होतो. निवडत होते मी, त्या नुसतं सूप धरून होत्या. भिंतीपलीकडून बायकांचं हसणं यायचं. कोणीतरी म्हणायचं, घे व घे, आणि मग उखाणा, मग हसणं. असं बराच वेळ चाललं.

सासूबाई म्हणाल्या, "तुही एक राह्यली."

मी डाळ निवडत राहिले.

"नाव व्हतं ना त्यात?"

"हो."

"घे मंग. मी म्हनून राह्यली. माह्या पोराचं नाव कोनी घेतलं त्याले लय वरसं झाले."

मी हातातली डाळ खाली ठेवली. पहिल्या तीन ओळी म्हटल्या, त्यांच्या मुलाच्या. मग माझी चौथी म्हटली. सासूबाई तोंड वर करून ऐकत होत्या. आंधळी माणसं तोंड वर करून ऐकतात. पाचवी माझ्या तोंडाशी होती, ओढा ओलांडताना आली तशीच, एक अक्षर बदललेलं नव्हतं. लाज नव्हती, रीतही आडवी नव्हती. घरात आम्ही दोघीच होतो, आणि त्यांनीच 'घे' म्हटलं होतं. पण ती ऐकायची होती ह्यांनी. ते गेल्यावर ती पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला ऐकवायची, मग ती त्यांची आई का असेना, हे मला जमलं नाही. मी तोंड मिटलं.

सासूबाई थांबल्या. पलीकडे पुन्हा हसणं झालं. मग त्यांनी सूप मांडीवर ठेवलं, उजवा हात उघडला आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. तिथून सावकाश मोजत गेल्या. ओठ मिटलेले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमचं बघून बघून आलं असेल. सातव्या पेरावर अंगठा थांबला.

"साताचीच व्हती ना?" त्यांनी विचारलं.

"साताचीच."

"झाली मंग," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा माझ्यापुढे धरलं.